राखेवरची काठवट

लिक्सांद्रु म्हाताऱ्याने अट घातली ती भर दुपारी, सगळी वस्ती ऐकत असताना. म्हणजे आता ती मागे घेण्याचा प्रश्नच नव्हता. चारचौघांत बोललेला शब्द गिळणारा माणूस आमच्या काठवटी-चमचे कोरणाऱ्या रुदारांत अजून जन्मायचा आहे.

"पोराचं पहिलं न्हाणं बापाच्या हातच्या काठवटीत होतं," तो जावयाला म्हणाला. "खाली राख पसरायची, वर काठवट ठेवायची, पाणी ओतायचं. राख कोरडी राहिली तर तू आमचा. राख भिजली तर ओल्त नदीला उतार आहे आणि पलीकडे तुझं गाव आहे. पोरगी आणि तिचं पोर इथंच राहतील."

सावूने मान हलवली. दुसरं काय करणार होता? तो पलीकडच्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. झाम्फिरा डोक्यावर चमचे आणि काठवटी घेऊन विकायला त्याच्या दारात आली, आणि हा गडी नांगर सोडून तिच्या मागे नदी ओलांडून आला. बापाने निरोप धाडला, की लाकूडतास्यांची पोरगी घेऊन अंगणात पाय ठेवलास तर कुत्री सोडीन. बाप बोलल्याप्रमाणे वागणारा होता. त्या अंगणातली कुत्री सावूनेच लहानाची मोठी केली होती, त्यामुळे ती कशी चावतात हे त्याला ठाऊक होतं.

आता म्हाताऱ्याला कठोर म्हणू नका. त्याच्या थोरल्या मुलीला, रुजाला, असाच एक गाववाला घेऊन गेला होता. पहिल्या हिवाळ्यात रुजा एकटीच परत आली, पायात चिंध्या बांधून. ती अजून हसत नाही. आमच्यात जगायचं तर ओल्या लाकडातून भाकरी काढता आली पाहिजे. ज्याला ती काढता येत नाही तो आज ना उद्या पळतो, असा म्हाताऱ्याचा हिशोब होता.

झाम्फिराचे दिवस भरत आले होते. नदीकाठच्या वाळुंजांना पालवी फुटली होती आणि खोडांत रस चढला होता. लिक्सांद्रुने एक जाड वाळुंज पाडला, ओंडका काढला, पाचरी ठोकून त्याच्या उभ्या दोन फाका केल्या. एक फाक त्याने सावूच्या पुढ्यात टाकली. दुसरी पायाने ढकलत नेऊन लव्हाळ्यातल्या साचलेल्या पाण्यात बुडवली.

"ती मला नको का, मामा?" सावूने विचारलं.

"हातातली तर सांभाळ आधी."

एवढं बोलून तो आपल्या कामाला बसला. आमच्यात तोंडाने शिकवत नाहीत. डोळे दिलेत ना देवाने, मग बघ. सावू बघायचा. म्हाताऱ्याचा वाकस, आडव्या पात्याची ती छोटी कुऱ्हाड, वर जायचा, खाली यायचा, आणि तळहाताएवढी ढलपी उडून पडायची. सगळे म्हणतात, ओलं वाळुंज भोपळ्यासारखं कापलं जातं. म्हणणाऱ्यांच्या हातात वाकस असतो ना वर्षानुवर्षं. सावूच्या हातात तो आला की कधी लाकडावरून घसरायचा, कधी आत रुतून बसायचा आणि काढताना घाम फुटायचा. पहिल्याच दिवशी त्याने बुटाचं टोक उडवलं. अंगठा वाचला तो नशिबाने.

"काय दाजी," मेहुणा पांदेले बांधावर बसून कांदा खात म्हणाला, "लाकूड कठीण आहे का वाकस वाकडा आहे?"

"वाकसाला धार नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं. आण इकडे." पांदेलेने वाकस घेतला, सहज दोन घाव घातले, दोन मोठ्या ढलप्या काढल्या आणि तो परत दिला. "आहे की धार. तुझ्या हातातून तेवढी जाते कुठं तरी."

 राग सावूला यायचा, पण खाली मान घालून तासत राहायचा. गाववाला पळतो म्हणतात ना, मग बघूच. हळूहळू त्याच्या हाताला कळायला लागलं. घाव रेषेच्या कलाने घातला तर लाकूड वाट देतं, उलटा घातला तर भरकन फाटतं. एके दिवशी सलग मोठ्या ढलप्या निघाल्या आणि त्याने चोरून पांदेलेकडे पाहिलं. पांदेले बघत होता, पण त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

काठवट झाली. ओबडधोबड, जाड बुडाची, पण काठवट. आणि खोल. सावूला ती खोलच हवी होती, पोराला छातीपर्यंत पाणी यावं म्हणून. त्यासाठी त्याने फाकेच्या वरच्या अंगाचं लाकूड छाटलंच नव्हतं, होतं तेवढं ठेवलं होतं. म्हाताऱ्याने येता जाता एकदा पाहिलं. काठवटीच्या टोकाशी, कडेच्या मधोमध, झाडाचा गाभा डोळा वटारल्यासारखा बसला होता. म्हातारा क्षणभर थांबला आणि पुढे गेला. सावूला वाटलं, आवडली वाटतं.

आणि मग त्याने ती वाळायला चुलीजवळ ठेवली. शेतकऱ्याचं पोर ते. गवत, धान्य, मका, सगळं लवकर वाळलं की चांगलं, एवढंच त्याला माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाम्फिरा मक्याच्या पिठाचा मामालीगा घोटत होती. पातेल्याखालच्या विस्तवाशेजारून टक्कन आवाज आला. तिचा हात थांबला.

"काय झालं?" सावूने विचारलं.

"बघ तूच."

गाभ्यापासून खाली, टोकाच्या जाड भिंतीतून, केसाएवढी चीर गेली होती. सावू गुडघ्यावर बसला. त्याने नखाने चाचपलं. नख अडकलं. 

"बाबांना सांग," झाम्फिरा म्हणाली. "दुसरी कर."

"वेळ कुठे आहे? ही करायला केवढे दिवस लागले मला."

"मग?"

"मग काही नाही. तू बोलू नकोस कुणाजवळ."

 "सावू, बाबा बोललेलं मागे घेत नाहीत. मी तुझ्याबरोबर आलेही असते. पण कुठे यायचं, सांग? ओलं बाळ घेऊन तुझ्या बापाच्या कुत्र्यांपुढे?"

 त्या रात्री सावू झोपला नाही.

घरून निघताना सावूने एकच वस्तू आणली होती, मेणाचा गोळा. त्याच्या बापाकडे मधमाश्यांच्या टोपल्या होत्या, आणि गळकं पिंप असलं की बाप त्याच्या फटीत मेण भरायचा. सावूने सगळे नदीवर गेलेले बघून मेण मऊ केलं, त्यात वाळुंजाचा बारीक भुस्सा कालवला आणि बोटाने चिरेत दाबून दाबून भरला. वरून चाकूची पाठ फिरवली. चीर गेली. काठवटीत गार पाणी ओतून पाहिलं, थेंबही गळला नाही. त्याला रडावंसं वाटलं, इतका तो सुटल्यासारखा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ते उगाच नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला.

उजाडता उजाडता झाम्फिराला कळा सुरू झाल्या.

सासू, स्ताना, वस्तीतल्या निम्म्या पोरांची सुईण. तिने पुरुषांना झोपडीबाहेर काढलं आणि दाराबाहेर तीन दगडांवर मोठं पातेलं चढवलं. सावू लाकडं आणून देत होता. हाताला काम हवंच होतं. आतून झाम्फिराचा आवाज आला की तो थांबायचा, आवाज बंद झाला की अजून घाबरायचा.

"पहिलटकरीण आहे," स्ताना बाहेर डोकावून म्हणाली. "दिवस कलेपर्यंत काही होत नाही. तू तोंड असं पाडू नकोस, पोर घाबरेल येताना. आणि लाकडं घाल अजून. पाणी कढत हवं. आपण आधी कढत पाण्याने काठवट विसळून घेतो, मगच न्हाणाचं ओततो. तुमच्या गावात करतात की नाही कुणास ठाऊक."

सावूच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं.

कढत पाणी. आणि चिरेत मेण.

गावातलं पिंप असतं कोबीच्या लोणच्याचं, त्यात गार खारं पाणी. मेण तिथे वर्षभर टिकतं. कढत पाण्यात ते किती टिकणार?  त्याला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. मेण वितळून पाण्यावर तरंगतंय, खाली राख भिजतीय, आणि सगळे बघतायत की नुसती गळकी नाही, फसवी काठवट आहे. गळकी काठवट करणाऱ्याला नदीपलीकडे घालवतात. फसवी करणाऱ्याला काय करतात हे त्याला माहीत नव्हतं, आणि रुजाच्या तोंडाकडे बघताना ते माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती.

तो उठला. झोपडीच्या आडोशाला ठेवलेली काठवट त्याने उचलली, मैदानात आणली, जिथे लिक्सांद्रु चमच्यांसाठी लाकडाचे तुकडे पाडत बसला होता. काठवट त्याच्यापुढे पालथी टाकली आणि कुऱ्हाड उचलली.

"हे काय?" म्हातारा म्हणाला.

"चिरली होती, मामा. मी मेण भरलं होतं."

आणि त्याने घाव घातला. पहिल्याच घावात ती गाभ्यातून दुभंगली, बरोबर जिथे मेण होतं तिथे. पिवळी रेघ दोन्ही तुकड्यांवर दिसत होती. पांदेलेने शीळ घातली.  म्हाताऱ्याने एक तुकडा उचलला, मेणावरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि तुकडा विस्तवात टाकला. मेणामुळे जाळ भडकला.

सावू तोवर लव्हाळ्याकडे धावत सुटला होता.

दुसरी फाक पाण्यात तशीच होती. इतके दिवस पाण्यात राहून ती पाडलेल्या दिवशी होती तेवढीच ओली होती. तिला ओढून वर काढताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओलं लाकूड चिरत नाही. चिरतं ते वाळताना. काठवट वाळवायची घाई कशाला होती त्याला? पाणीच तर भरायचं होतं तिच्यात. ओली राहिली असती तर आजचं न्हाणं सहज झालं असतं. म्हाताऱ्याने हे पहिल्या दिवशी दाखवलं होतं, पायाने ढकलून. आणि याला वाटलं होतं, आपल्यावर भरवसा नाही म्हणून.

रागवायलाही वेळ नव्हता. सूर्य वर आला होता.

यावेळी त्याने कुऱ्हाडीने आधी वरचं सगळं छाटलं, गाभा जाईपर्यंत छाटत राहिला. काठवट उथळ होणार होती. होऊ दे. बाहेरची साल काढायच्या भानगडीतच तो पडला नाही, नुसतं बूड सपाट केलं आणि वाकस घेतला. ओल्या लाकडातून पाणी उडत होतं, तोंडावर, ओठांवर. कडू. वाळुंजाचं पाणी कडूजहर असतं.

झोपडीतून झाम्फिरा ओरडली. सावू थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा हात उचलला गेला नसता.

पांदेले येऊन उभा राहिला. आज त्याच्याकडे कांदा नव्हता. "दाजी, पाय मागे घे. तो पाय. हां. असा." मग थोड्या वेळाने, "मी मारू का चार घाव? कुणाला कळत नाही."

"मला कळेल ना."

"मग मर." असं म्हणून तो गेला आणि दगडावर घासून दुसरा वाकस घेऊन आला. धारवाला. बदलून दिला.

दुपार कलली. आतल्या कळा आता एकामागून एक येत होत्या, आणि झाम्फिराचा आवाज बसला होता, हे त्याहून वाईट होतं. सावू बुडापाशी पोचला होता. इथे पहिल्या काठवटीत तो घाबरून थांबला होता आणि भिंती जाड ठेवल्या होत्या. जाड भिंत असमान वाळते आणि फुटते, हे त्याला आता दुभंगलेल्या तुकड्यांनी शिकवलं होतं. बूड पातळ हवं. किती पातळ? म्हातारा मुठीने ठोकून बघायचा. सावूनेही ठोकलं. बद्द आवाज. अजून तासलं. ठोकलं. आवाज मोकळा व्हायला लागला. अजून थोडं, एका कोपऱ्यात फक्त.

वाकस वर गेला, आणि झोपडीतून अशी किंकाळी आली की सावूचा हात मध्येच वळला. पातं कोपऱ्यात तिरकं घुसलं. खोल.

त्याने वाकस अलगद काढला. कोपऱ्यात बोटभर खाच होती. काठवट उलटून त्याने बाहेरून बघितलं. आरपार नव्हती. बहुतेक नव्हती. मधे किती लाकूड उरलं होतं, कागदाएवढं की नखाएवढं, हे सांगणारा एकच माणूस वस्तीत होता आणि त्याला विचारायची सोय नव्हती.

तेवढ्यात आतून रडणं आलं. बारीक, चिडलेलं, नवंकोरं.

"मुलगी आहे," स्ताना दारातून म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. काठवट आणा कुणीतरी, पोर गारठेल."

लिक्सांद्रुच्या झोपडीपुढे त्याची स्वतःची काठवट टेकवून ठेवली होती, पातळ, गुळगुळीत, जुन्या हाताची. कुणी ती नेली असती तर अटीचा निकाल तिथंच लागला असता. पांदेलेने तिच्याकडे बघितलं, मग सावूकडे. सावूने साल असलेली, ओल्या लाकडाचं पाणी ठिबकणारी आपली काठवट दोन्ही हातांनी उचलली आणि झोपडीत शिरला.

झाम्फिरा भिंतीला टेकून पडली होती, पांढरीफटक. तिने काठवट पाहिली. ही ती काठवट नव्हे, हे तिला कळलं. ती त्याच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत राहिली.

स्तानाने जमिनीवर राख पसरली, हाताने सारखी केली, वर काठवट ठेवली. विसळण्याचं कढत पाणी आधी आत फिरवून दाराबाहेर ओतलं. मग न्हाणाचं कोमट. त्यात दूध घातलं, सब्ज्याच्या काड्या टाकल्या, आणि मूठभर मीठ, पोराची कातडी घट्ट व्हावी म्हणून. लिक्सांद्रु दारात उभा होता. त्याच्यामागे पांदेले, रुजा, शेजारपाजार. सगळे राखेकडे बघत होते. मुलीकडे बघायला कुणालाच फुरसत नव्हती.

मुलगी पाण्यात गेली आणि रडायची थांबली.

सावू त्या कोपऱ्याखालची राख बघत होता. पांढरी होती. पांढरीच होती.  आणि मग सालीच्या कडेवरून एक थेंब सरकत आला, लोंबला आणि राखेत पडला. पाठोपाठ दुसरा. राखेवर नाण्याएवढा काळा डाग उमटला आणि हळूहळू पसरू लागला.

कुणीतरी मागे 'अरेरे' म्हणालं. झाम्फिराने डोळे मिटले.

लिक्सांद्रु आत आला. गुडघे दुखतात त्याचे, तरी खाली बसला. त्याने बोट डागात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. सावकाश चाखलं, जसा तो जत्रेत दारू चाखतो. झोपडीत चूल तेवढी आवाज करत होती. 

"कडू आहे," म्हातारा म्हणाला. "न्हाणात मीठ आहे. हे न्हाणाचं पाणी नाही. हे झाडाचं. ओल्या लाकडाला घाम येतो, त्यात बघायचं काय एवढं?" आणि त्याने तळहाताने सगळी राख फराफरा पुसून टाकली. "चला, निघा बाहेर. बाळंतिणीला झोपू द्या."

लोक पांगले. रुजा जाताना वळून भावाला काहीतरी म्हणाली आणि हसली. पांदेलेने सावूच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो कळवळला.

न्हाणाचं पाणी बापाने नेऊन फळझाडाच्या बुंध्याशी ओतायचं असतं. सावूने काठवट उचलली, आलुबुखाराच्या झाडाखाली नेली आणि पाणी ओतलं. रिकामी काठवट त्याने उलटी केली. खाचेच्या बरोबर मागे, बुडाला, थोडी ओली राख चिकटून राहिली होती. त्याने ती बोटावर घेतली.  मग त्याने ती जिभेला लावली.

खारट होती.

मागे पावलं वाजली. लिक्सांद्रु येऊन उभा राहिला. त्याने काठवट सावूच्या हातातून घेतली, मुठीने बूड ठोकून पाहिलं, कोपऱ्यात अंगठा घातला.

"उद्या कुऱ्हाड घेऊन ये," तो म्हणाला. "आणखी एक वाळुंज बघून ठेवलाय. गाभा कुठून कुठे जातो ते तुला सांगतो."

"मामा," सावू म्हणाला. "ते पाणी..."

"कडू होतं," म्हातारा म्हणाला, आणि काठवट बगलेत मारून ती सावलीत ठेवायला घेऊन गेला.